सुमनआत्या मीठ आणायला आत गेली

सुमनआत्या फोन उचलल्यावर कधी 'हॅलो' म्हणाली नाही. हातात जे काम असेल ते सांगायची आणि मग आपल्याला बोलू द्यायची. "भात वैरलाय, बोल." "शेंगा सोलतीया, बोल." एकदा नुसतंच, "म्हशीनं दावं तोडलंय, आटप लवकर." ती रिकामी बसली आहे आणि मी फोन केला आहे, असं कधी झालं नाही.

ती माझ्या वडिलांची धाकटी बहीण. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी तिचा नवरा वारला. मूलबाळ नव्हतं. ती मुठ्याला माहेरी आली ती कायमचीच, आणि गावच्या अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागली. मदतनीसानं खिचडी शिजवायची आणि पोरं गोळा करून आणायची. यातलं दुसरं काम तिनं फारच मनावर घेतलं होतं. एखादं पोर आलं नाही की ही त्याच्या दारात हजर. गावाबाहेर पुण्याच्या लोकांचे सुट्टीचे बंगले झाले, त्यांच्या राखणीला परप्रांतातली कुटुंबं आली. त्यातली एक बाई आपल्या मुलीला काही पाठवेना. आत्या रोज फाटकाशी जाऊन उभी राहायची. "तेरी पोरगी मेरे को दे, दुपारपत्तूर. खाएंगी, खेलेंगी, मंग वापस." चौथ्या दिवशी त्या बाईनं मुलगी तिच्या कडेवर दिली. "मला मराठीबिगर काय बी येत न्हाई," आत्या नंतर सांगायची, "पण समद्यांना कळतंय."

मी हिंजवडीत नोकरीला लागले आणि भुकूमला सातव्या मजल्यावर घर घेतलं, तेव्हा ती बघायला आली. सगळ्या खोल्या फिरली, नळ सोडून पाहिले. मग गॅलरीत जाऊन खाली वाकून बघत राहिली.

"हितनं खाली कुणी हाक मारली तर आयकू येतंय का गं?"

"नाही आत्या. बेल असते."

"मंग लई वर घेतलंस."

तिचं असंच होतं. मनात आलं की ते तोंडावर सांगून मोकळी व्हायची आणि लगेच विसरून चहा मागायची. आमच्या घरातली बाकीची माणसं तशी नाहीत. आम्ही मनात ठेवतो.

माझ्या वडिलांनी आणि संपतकाकांनी नऊ वर्षं मनात ठेवलं होतं. आबांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या, छातीत दुपारी कळ आली. काकांना त्यांना लगेच दवाखान्यात न्यायचं होतं. तेवढ्यात आबांना डोळा लागला. पप्पा थोरले, ते म्हणाले, जरा पडू दे, उन्हं उतरल्यावर नेऊ. उन्हं उतरायच्या आत आबा गेले. अंत्यविधीला जमलेल्या सगळ्या भावकीसमोर काका पप्पांना म्हणाले, "तू थांबवलंस म्हणून आबा गेला." काका नाशिकला निघून गेले. तेव्हापासून लग्नकार्यात दोघं दोन कोपऱ्यांत बसायचे आणि आत्या दोघांच्या मधे कुठंतरी उभी असायची.

गेल्या थंडीत ती निवृत्त झाली आणि तिनं सगळ्यांना रविवारी मुठ्याला जेवायला बोलावलं. चुलत भाऊबहिणी, सुना, पोरं, सगळी मिळून वीसेक माणसं. दोन्ही भावांना मात्र तिनं वेगवेगळं सांगितलं होतं की दुसरा येणार नाही. आम्ही पोचलो तर अंगणात काकांची गाडी उभी. पप्पा मला म्हणाले, "गाडी वळव." आत्या पदर खोचून समोर आली आणि चाकापुढं उभी राहिली.

"वळवायची असंल तर माझ्या अंगावरनं वळव!"

पप्पा उतरले.

तिनं ओसरीवर पंगत मांडली. मटणाचा रस्सा, तांदळाच्या भाकरी, इंद्रायणीचा भात. दोघा भावांना तिनं शेजारी शेजारी बसवलं. कुणी हललं नाही. ती स्वतः वाढत होती आणि मोठ्यानं बोलत होती, दोघांच्या वाटचंही तीच बोलत होती. काकांनी रस्सा चाखून मीठ मागितलं.

"आलं," ती म्हणाली आणि आत गेली.

बराच वेळ ती आली नाही म्हणून मी आत गेले. ती भिंतीला टेकून खाली बसली होती, मांडीवर मिठाची बरणी. डोळे मिटलेले. पहाटेपासून राबतेय, टेकली असेल, असं मला वाटलं. "बस आत्या, मी नेते," असं म्हणून मी तिच्या हातातून बरणी काढून घेतली. बोटं लगेच सुटली. मी बाहेर आले, काकांच्या ताटात मीठ वाढलं, आणखी दोघांना वाढलं, एका पोराला पाणी दिलं. "सुमन कुटंय?" पप्पांनी विचारलं. मी म्हणाले, "जरा बसलीय." पप्पांचा हात ताटातच थांबला. ते उष्ट्या हातानं उठून आत धावले.

काकांनी गाडी काढली. पप्पा मागे तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले, मी पुढे. पिरंगुटपर्यंत दोघं जे बोलले ते एवढंच.

"दादा, मान धर नीट."

"धरलीया. म्होरं खड्डा हाय."

दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते. त्यांनी तपासलं आणि म्हणाले, यायच्या आधीच गेल्या आहेत. पप्पांनी त्यांना दोनदा 'बरं' म्हटलं.

परत आलो तर सगळी पंगत तशीच, ताटांत भाकरी वाळत पडलेल्या. मी ताटं गोळा केली आणि घासायला बसले. कुणी म्हणालं, राहू दे, आम्ही करतो. मी सगळी घासली. कुणालाच निरोप पाठवावा लागला नाही, माणसं आलेलीच होती. अंत्यविधीला त्रिशरण-पंचशील म्हणताना माझा आवाज स्पष्ट येत होता, शब्द चुकत नव्हते. मी रडेन म्हणून माझी एक भावजय माझा हात धरून बसली होती. शेवटी तीच रडली.

सातव्या दिवशी पुण्यानुमोदनाला पुन्हा सगळे जमले. कार्यक्रम आटोपल्यावर ओसरीवर पप्पा आणि काका बसले होते. मी जाऊन काकांसमोर बसले आणि बरणीचं सगळं सांगितलं. मी ती तिच्या हातातून कशी काढून घेतली, बाहेर येऊन मीठ कसं वाढत राहिले. काका बोलतील ते ऐकून घ्यायची मी तयारी केली होती.

"तुझा काय दोष गं?" ते म्हणाले. "डोळं मिटून बसलेली दिसली, तुला वाटलं दमलीया. कुणालाबी तसंच वाटलं असतं…"

बोलता बोलता त्यांचा आवाज बारीक झाला. ते पप्पांकडं बघत राहिले. पप्पा जमिनीकडं बघत होते.

"दादा," काका म्हणाले, "त्या दिशी मी लई वंगाळ बोललो."

पप्पा म्हणाले, "मला आबा झोपलाय असंच वाटलं हुतं, संपत." हे त्यांनी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं, माझ्या आईलासुद्धा.

"म्हाईत हाय," काका म्हणाले. "तवाबी म्हाईत हुतं."

हे आत्याला सांगायला हवं म्हणून मी उठून आत गेले. आत कुणी नव्हतं.