कन्यादानाला न बसलेली आई

धाकट्या भावाच्या वेळच्या बाळंतपणानंतर आईला नुसती शिंक आली तरी लघवी सुटायची. वडील भिवंडीतल्या लूमवरून चिंध्या आणायचे, त्यांच्या घड्या ती वापरायची. डॉक्टर म्हणाले, "बायकांना होतंच हे." मग तिने पाणी पिणंच कमी केलं. त्याने जळजळ वाढली आणि लघवीची घाईही.

आणीबाणीच्या वर्षी माझं लग्न झालं. कन्यादानाला ती बसलीच नाही. वडिलांना म्हणाली, "भरल्या मांडवात लुगडं भिजलं तर?" शेवटी काका-काकू बसले. सासरच्यांना वाटलं, तिला स्थळ पसंत नाही. खरं कारण मी कसं सांगणार?

माझं सासर गणेशपुरीचं. तिथे ती कधीच आली नाही. बोलावलं की म्हणायची, "एसटीत तेवढा वेळ नाही गं निभत."