अकतोशच्या मानेवरची जखम

अतबाशीच्या खोऱ्यात कुणाचं कुत्रं सारखं खाजवायला लागलं की लोक कुलुयपाचं दार ठोठावतात. तरुणपणी ती सरकारी मेंढीफार्मवर गुरांच्या डॉक्टरांच्या हाताखाली होती. तिथं शिकलेलं तिनं कधी कुणापासून लपवलं नाही. लपवायला लावलं ते साल्किननं, तिच्या जिवाभावाच्या मैत्रिणीनं.

साल्किनच्या राखणीच्या कुत्र्याच्या मांडीवर लाल, ओली जखम उठली होती. तिनं रीतीप्रमाणे मेंढीच्या शेपटीची चरबी चोपडली. ही चरबी आमच्याकडे खोकल्यापासून बाळंतपणापर्यंत सगळ्याला चालते, मग कुत्र्यानं काय घोडं मारलं होतं? पण चरबीखाली ओल कोंडली आणि जखम तळहाताएवढी झाली. लोक खरूज म्हणतील, मेंढ्यांना लागेल म्हणून कुत्र्याला गोळी घालतील, या धास्तीनं साल्किननं ते मागल्या वाटेनं कुलुयपाकडे आणलं.

"अगं, खरूज कुठली! गोचीड चावली, यानं चाटून चाटून सोलून काढलं, आणि वर तू चरबी थापलीस. कुत्रं आहे की पुलाव?" कुलुयपा म्हणाली.

लोकर कातरायच्या कात्रीनं तिनं चांगली कातडी दिसेपर्यंत भोवतालचे केस कापले. उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्यानं जखम धुतली, टिपून कोरडी केली आणि वर काहीही लावलं नाही. तोंड पोचू नये म्हणून गळ्यात लोकर दाबून केलेल्या जाड नमद्याची रुंद पट्टी बांधली. पावसात भिजलं की पुसत जा, केसांच्या गाठी होऊ देऊ नकोस, गोचिड्या वेचत जा, असं बजावलं. कुत्रं बरं झालं. साल्किननं तिचे हात धरले, "कुणाला बोलू नकोस हं." कुलुयपा बोलली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात सगळे मेंढ्या आणि तंबू घेऊन वरच्या कुरणावर गेले. तिथं पावसानं ठाण मांडलं, आणि कुलुयपाच्या कुत्र्याच्या, अकतोशच्या, मानेवर तशीच जखम उठली. तिनं तसेच केस कापले. तिथंच तिचं चुकलं. मानेचे केस म्हणजे मेंढीकुत्र्याचं चिलखत, लांडगा तिथंच धरतो. ते कापणारी बाई एक तर वेडी, नाहीतर रोग लपवणारी. संध्याकाळच्या आत तळावर एकच बोलणं: अकतोशला खरूज झाली.

सगळ्यांच्या मेंढ्या एकाच कळपात चरत होत्या. तळाचा म्होरक्या असलेल्या म्हाताऱ्या ओस्मोनालीच्या तंबूत सगळे जमले.

"कुलुयपा," तो म्हणाला, "सकाळी मी बंदूक काढतो. तुला बघवत नसेल तर आत बस."

"आजोबा, ही खरूज नव्हे. गेल्या वर्षी असंच एक कुत्रं मी बरं केलंय. तुमच्याच कळपात फिरतंय. लागलं का एका तरी मेंढीला?"

"कुणाचं कुत्रं?"

कुलुयपानं साल्किनकडे पाहिलं. साल्किन खाली मान घालून चहा ओतत होती. ती आता बोलेल, आता बोलेल म्हणून कुलुयपा थांबली. शेवटी अकतोशच्या जिवासाठी तिनंच शब्द मोडला. "साल्किनचं."

साल्किननं किटली खाली ठेवली, जेवणासाठी पसरलेल्या दस्तरखानावरचा नान दोन्ही हातांनी उचलला आणि म्हणाली, "या नानाची शपथ, माझ्या कुत्र्याला कधी काही झालेलं नाही. हिनं आपलं कुत्रं वाचवायला माझं नाव घ्यावं, याचं वाईट वाटतं."

नान हातात घेतल्यावर पुढे कुणी विचारत नाही. खोटी शपथ घेणाऱ्याला अन्न पचत नाही म्हणतात. साल्किनला छान पचलं, लगेच दुसरा चहाही प्यायली.

कुलुयपानं उजाडायच्या आत तंबू उतरवला आणि अकतोशला, आपल्या चार मेंढ्यांना घेऊन ती खाली आली. खाली गवत नव्हतं. मेंढ्या वाळल्या, पण अकतोश जगला. शरद लागेपर्यंत मानेवर केस भरून आले. कुरणावरून उतरलेल्या माणसांनी ते पाहिलं, खाकरले, "बरं दिसतंय कुत्रं" म्हणाले आणि पुढे गेले. साल्किनबद्दल कुलुयपा मनाशी म्हणायची, नवरा तापट तिचा, भेदरली असेल बिचारी.

वसंतात बर्फ वितळून चिखल झाला तेव्हा बिचारी आली. परत मागल्या वाटेनं. कुत्र्याच्या कानामागे जखम, वर चरबीची तीच चकाकी.

"तुझ्याशिवाय मला कोण आहे गं?"

कुलुयपा आत जाऊन कात्री घेऊन आली. "चल, पुढच्या अंगणात. उजेड आहे तिथं."

"रस्ता आहे तिथं. लोक बघतील."

"बघू देत की. बरंच होईल, शिकतील."

साल्किन मागे सरकली. मग तिनं कुत्र्याचा दोर ओढला. कुत्रं हलेना, कान मागल्या दाराच्या उंबऱ्याला घासत बसलं.

"अगं, निदान त्याला तरी ठेवून जा," कुलुयपा म्हणाली. "त्याचा काय दोष?"

साल्किननं त्याला फरफटत नेलं. मागे वळून पाहिलं नाही. कुलुयपा कात्री घेऊन दारातच बसली. भेदरलेलं माणूस मागून पस्तावतं, हिला पस्तावा नव्हता. त्या दिवशी तंबूत साल्किननं अकतोशला बंदुकीपुढे उभं केलं, ते समजून उमजून केलं होतं.