लॉगच्या चार ओळी

भोपाळजवळच्या मंडीदीपमधल्या आमच्या कारखान्यात माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या बाई कोणतंही काम आलं, की "देखते हैं" म्हणून आधी चष्मा पुसतात. मी बनवलेली हजेरीची वेबसाइट एका सकाळी बंद पडली. दोन तास मी कोड उसवत बसलो. शेवटी त्यांनी वाकून पाहिलं.

"अहो, नोंदींची लॉग फाइल इतकी फुगलीय की डिस्कच फुल झालीय."

त्यांनी ती रिकामी केली आणि चार ओळी लिहिल्या. आता रोज नवी फाइल उघडणार, पंधरा दिवसांपूर्वीची आपोआप पुसली जाणार. वेबसाइट सुरू झाली. माझा जळफळाट झाला.

साहेबांनी विचारलं, "कोणी केलं?"

"यांनीच," त्या माझ्याकडे पाहत म्हणाल्या.

मी मान डोलावली. तेव्हापासून त्यांचा जास्तच राग येतो.