अंदाजाने ओढलेली हद्द

आमच्या घरात तिला रेघोटी म्हणतात. माझ्या बहिणीची मुलगी. लहानपणी भिंती रंगवून ठेवायची, पुढे नोकरीही नकाशे काढायचीच लागली. मग नाव कसलं सुटतंय.

काम सरळ होतं. आरोग्य खात्याचा फिरता दवाखाना कुठल्या वस्तीला कुठल्या जिल्ह्यातून जाणार, ते नकाशावर ठरवायचं. त्यासाठी जिल्ह्यांच्या हद्दी हव्यात, संगणकाला कळतील अशा. एवढी साधी गोष्ट मिळू नये? इंटरनेटवर फुकट सापडली ती हद्द जिल्हा फुटण्याआधीची. दुसऱ्या एका संस्थेच्या नकाशात दोन जिल्ह्यांच्या मधे फटच, आणि नेमकी त्या फटीत हिच्या काकूची वस्ती. खरी हद्द भूमापन कार्यालयाच्या कपाटात आहे म्हणे. पण ती देता येत नाही. का, तर आजवर कुणाला दिलेली नाही. हेलपाटे घालून पोरीच्या चपला झिजल्या.

शेवटी तिने फट स्वतःच बुजवली. हद्द ओढ्यावरून जाते एवढं माहीत होतं. उपग्रहाच्या चित्रात ओढा दिसला तिथवर रेघ नीट, पुढे झाडीत अंदाजाने. तसं सोबत लिहिलंही, आणि कुणालाही वापरता यावी म्हणून इंटरनेटवर खुली ठेवून दिली. पुढे कळलं, झाडीत रेघ आत फुगून काकूच्या घराच्या अलीकडूनच गेली आहे, म्हणजे घर पलीकडच्या जिल्ह्यात. आत्ताच्या आत्ता नीट कर, मी म्हटलं. ती म्हणाली, एका अंदाजावर दुसरा अंदाज कशाला, खरी हद्द मिळेलच. तोवर ड्रायव्हरला तोंडी सांगून ठेवलं. गाडी काकूच्या दारात जायची, रक्तदाबाच्या गोळ्या मिळायच्या.

मग भूमापनवाल्यांनी एकदाची हद्द जाहीर केली. रेघोटीने आनंदाने उघडली, तर झाडीतला तोच फुगवटा. तिचीच रेघ. 'अंदाजाने' हा शब्द तेवढा गाळलेला आणि वर शिक्का.

ती तडक कार्यालयात गेली. साहेब बिचारे शांतपणे ऐकत होते.

"ही रेघ माझी आहे, साहेब. चुकलीय."

"बाई, तुमची आणि आमची तंतोतंत जुळतेय. मग अडचण काय?"

कपाटातल्या मूळ नकाशांचं काय, असं तिने विचारलं. कारकुनाने कपाट उघडून दाखवलं. वाळवीने बांधलेली घरं होती, नकाशे नव्हते.

आता गाडीवर यंत्र बसवलंय. हद्दीबाहेर गेली की डिझेल मंजूर होत नाही. पलीकडच्या जिल्ह्याची गाडी येईल म्हणाल, तर ओढ्यावर पूल नाही. रेघोटीने आपली रेघ दुरुस्त केली, तर वापरणाऱ्यांचे निरोप आले: सरकारी हद्दीशी जुळत नाही, कृपया पूर्ववत करा.

परवा मी तिच्याकडे होते, तेव्हा काकूचा फोन आला. गाडी वळणापर्यंत येते, तिथून हॉर्न वाजवते आणि मागे फिरते. गुडघ्यांमुळे तिला तिथवर जाववत नाही.

"कुठल्या मेल्याने ही हद्द आखलीय गं? तुझ्या ऑफिसात कुणाला तरी सांगून बघ की."

"सांगते, काकू," रेघोटी म्हणाली.