वल्ह्याचा रंधा आणि जांभळाची बाटली

ये गं बाय, जरा जवळ सरकून बस आणि हे नीट वाच. ईस्टरला येऊन गेलीस, त्यानंतर तुझं तोंड दिसलेलं नाही. फुलपाड्याहून पापडीला यायला काय जहाज लागतं? वर फोनवर विचारतेस, "मावशी, भंगार अजून जमवतेस का गं?" भंगार म्हणे. त्याच भंगारापायी मागच्या आठवड्यात मी आधी इतकी ओशाळले की तोंड लपवावंसं वाटलं, आणि मग इतकी हसले की बरगड्या दुखल्या. दोन्ही सांगते.

सुरुवात तुला ठाऊक आहे, तरी सांगते, कारण मला सांगायला आवडतं. कळंबला एका कॉटेजवर केळी पोचवायला गेले होते. तिथे भिंतीवर एक जुनी पटाशी शोभेला ठोकलेली. मुठीवर चकचकीत व्हर्निश आणि धार गंजून काळी. लाकूड कोरायचं हत्यार, त्याला असं फासावर चढवायचं? मी केळ्यांचा एक घड जास्तीचा दिला आणि तिला सोडवून आणलं. तिच्या मागोमाग मग बाकीची हत्यारं आली. आज मागच्या पडवीत अकरा रंधे आहेत, करवती आहेत, गिरमिटं आहेत, पटाश्या मी मोजत नाही. शिकवलं कुणीच नाही. चिंचेच्या कोळाने गंज सुटेल हे तांब्याच्या हंड्यावरून सुचलं, आणि अळशीच्या तेलाने जुनं लाकूड जागं होतं हे तेल सांडल्यावर कळलं. तुझे काका म्हणतात, "बाकीच्या बायका या वयात रोझरीची माळ हातात घेतात, हिने कानस घेतली."

तर सोमवारी पाचूबंदरहून एक बाबा आले. होड्या बांधणारे जुने सुतार, पंच्याऐंशी तरी असतील. टॉवेलात गुंडाळलेला एक आखूड रंधा त्यांनी माझ्या मांडीवर ठेवला, जसं काही बाळच.

"ह्यो माझ्या बापाचा," म्हणाले. "रविवारी नातवाची होडी पान्यात जानार. फायबरची हाय, इंजिन हाय, पन वल्हं लागतंच. आमच्या घरात नव्या होडीचं पयलं वल्हं मोठ्या मानसानं करायचं, ह्याच रंध्यानं. खाऱ्या वाऱ्यानं पातं खाल्लंय. शुक्रवारपर्यंत करशील ना, पोरी?"

पोरी म्हणाले मला, अडुसष्टाव्या वर्षी. मी तिथेच विरघळले. त्या आनंदात त्यांना एक प्रश्न विचारायचा राहिला.

पाचर ठोकून सैल केली, पातं काढलं, चिंचेत बुडवलं. दुसऱ्या दिवशी गंज उतरला तर काय दिसलं? धार मधोमध आत गेलेली, चंद्रकोरीसारखी. मी म्हटलं, बिचारं पातं, साठ-सत्तर वर्षं राबून पोट खपाटीला गेलं. रंध्याचा लाकडी तळही तसाच मधे खोलगट. तोही झिजला असणार. आधी पातं सरळ करू, मग तळ सपाट करू, असा बेत केला आणि दोन दिवस धारेच्या दगडावर बसले. दोन्ही टोकं घासून घालवली. धार अशी सरळ की फूटपट्टीने लाजावं. सागाच्या फळीवर रंधा चालवला तर साल निघाली पापडासारखी पातळ. मी पडवीत एक गिरकी घेतली. काका म्हणाले, "कंबर सांभाळ, तिला पातं बदलून मिळत नाही."

तळ सपाट करायला जाडा पॉलिश पेपर हवा होता. तो आणायला काकांना मंगळवारपासून सांगत होते. मंगळवार गेला, बुधवार गेला, "आणतो गं" काही संपेना. हे लक्षात ठेव.

शुक्रवारी दुपारी बाबा रिक्षातून उतरले, वल्ह्याची लांब दांडी बाहेर डोकावत होती. दांडी बाकावर ठेवली, रंधा घेतला, ढकलला. एक वीत गेला आणि खच्चकन अडकला. दांडीत खड्डा. बाबांनी रंधा उलटा केला आणि पात्यावरून अंगठा फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, हळूहळू.

"पोरी," म्हणाले, "ह्याचं पोट कुठं गेलं?"

गोल दांडीचा रंधा होता गं तो. पोट मुद्दाम खोल ठेवलेलं, दांडी त्यात बसावी म्हणून. त्यांच्या बापाने घातलेली ती खोली, आणि मी शहाणीने दोन दिवस घाम गाळून ती भरून काढली. बाबा रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते बाकावर बसले. "राहू दे," म्हणाले. "विकतचं वल्हं आनू." मला जमीन फाटली तर बरं असं झालं.

पण मग त्यांनी तळावर हात फिरवला आणि थांबले. "तळ तर जसाच्या तसा हाय."

मी काकांकडे बघितलं. काका छाती फुगवून उभे. "बघ," म्हणाले, "माझा आळस कामाला येतो. मी पेपर आणला असता तर?" आणि मग त्यांनाच धाडलं पेपर आणायला, स्कूटरवर, आणि या वेळी दहा मिनिटांत आले.

आता तळाचा गोलावा पात्यावर उतरवायचा होता. ईस्टरला तू विसरून गेलेली ती लाल नेलपॉलिश आठवते? ती पात्याला फासली, पातं रंध्यात बसवलं आणि तळाच्या काठाकाठाने सुईने रेघ ओढली. लाल रंगात चंद्रकोर उमटली. बाबा म्हणाले, "बापानं हे बघितलं असतं तर होडीतून उडी मारली असती."

रेघेपर्यंत घासायला तसंच गोल काहीतरी हवं. स्वयंपाकघरातल्या सगळ्या बाटल्या बाहेर काढल्या. व्हिनेगरची जाडी, सरबताची बारीक. तळात चपखल बसली ती फक्त जांभळाच्या वाइनची शेवटची बाटली, तू येशील म्हणून राखलेली. तिला पेपर गुंडाळला. बाबांनी बाटली मांडीवर धरली, मी पातं मागेपुढे करत होते. पण बाटली भरलेली, घरची वाइन, आत सारखी हिंदकळत होती. तापली की काय देव जाणे, बूच फाट्‌कन उडालं आणि बाबांच्या टोपीवर बसलं. वाइन पडवीभर.  मग बाबाच हसायला लागले, बोळक्या तोंडाने, खांदे हलवत. काका पेले घेऊन आले. "सांडण्यापेक्षा पोटात बरी," म्हणाले. आता तुझी बाटली गेली हे ऐकून कपाळाला आठ्या घालू नकोस. येत नाही त्यांचं असंच होतं.

रिकामी बाटली छान चालली. आम्ही तिघे आळीपाळीने घासत होतो, दर पाच मिनिटांनी कुणीतरी हसायचं. ऊन उतरायच्या आत धार लाल रेघेला भिडली. बाबांनी रंधा दांडीवर ठेवला.  रंधा सरसरत गेला, खड्डाही गेला, आणि साल निघाली दांडीच्या लांबीएवढी, अखंड, कुरळी. मी ती उचलून अंबाड्याला गुंडाळली आणि तशीच चहा करायला गेले.

शनिवारी बाबांनी आमच्याच पडवीत वल्हं पुरं केलं आणि रविवारी फादरांनी होडीवर पाणी शिंपडलं. नातवाने इंजिन सुरू करण्याआधी तेच वल्हं पाण्यात घातलं, एकदाच. बाबा काठावर माझ्याशेजारी उभे. तेल लावायला ठेवून घेतलेला रंधा मी पिशवीत घालून परत द्यायला नेला होता. त्यांनी पिशवी माझ्याकडेच ढकलली.

"तुझ्याकडंच राहू दे. धाकट्या नातवाची होडी येईल तवा माझा हात चालनार नाय. त्याचं पयलं वल्हं तू करायचं. पन आधी शिकून घे, नायतर परत पोट भरशील."

तर येत्या रविवारपासून बाबा मला शिकवायला येणार आहेत. दांडीचं एक टोक कुणीतरी धरायला लागतं, आणि काका धरतात तेव्हा डुलकी घेतात. तुझी नेलपॉलिश अर्धी उरली आहे, नवी वाइन बरणीत घातली आहे. ये गं लवकर, टोक धरायला तरी ये.