भावाचा उपास

नागपंचमीच्या आदल्या दिवशी आमच्याकडं बायका-पोरी भावासाठी उपास धरतात. कबनूरच्या आमच्या एका खोलीत एरवी तरी पोटभर कुठं होतं? वडील यंत्रमागावर. आई आणि मी घरात चरख्यावर मागाच्या सुताच्या कांड्या भरायचो, सुतानं बोटं चिरायची. त्या दिवशी आई मूठभर शाबू भिजवायची आणि आमच्या आधी थोरला भाऊच त्याच्यावर ताव मारायचा.

"उपास माझ्यासाठी हाय न्हवं? मग शाबू मीच खातो की!"

आई कौतुकानं हसायची. मी एकदा विचारलं, "आणि माझ्यासाठी कोण धरतंय?"

"पोरीसाठी कोण धरतंय गं? कांड्या भर."

भाऊ दहावीतच अडकला. मी बारावी पास झाले. वडील म्हणाले, आता पुरे. कॉलेजच्या प्रवेशाचे शेवटचे दिवस होते आणि त्यातच हा उपास आला. वडील ऐकायचे ते फक्त भावाचं. तो शाबू खात असताना मी म्हटलं, "दादा, आबांस्नी तेवढं सांग की."

घास चावत तो म्हणाला, "बी.ए. होऊन काय कांड्या इंग्लिशमधनं भरणार हाईस?"

वडील हसले. आईसुद्धा हसली. मी उठले, टोपल्यातली भाकरी काढली आणि सगळ्यांसमोर खाल्ली.

"अगं सटवे, भावाचा उपास हाय!" आई ओरडली.

"त्याला म्हण, आता तू धर."

सण झाल्यावर एकटी इचलकरंजीला जाऊन प्रवेश घेतला. सकाळी कॉलेज, दुपारी कांड्या. भावाला काही होऊ नये म्हणून माझ्या वाटचा उपास पुढं दरसाल आईनं धरला. माझ्या परीक्षेला कुणी साधा नारळ फोडला नाही.

बी.ए. झाले, डी.एड. केलं, पहिलीच्या वर्गावर लागले. भावाबहिणीच्या प्रेमाचे सण शिकवायचे होते. राखीचा धडा झाला, भाऊबीजेचा झाला. नागपंचमीच्या आदल्या दिवशी शाळेत खिचडी आली तर मुली ताटल्या पालथ्या घालून बसलेल्या. सहा वर्षांच्या पोरी! शेजारी वरच्या वर्गातले त्यांचे भाऊ दुसऱ्यांदा वाढून घेत होते.

मी वाढायचा डाव खाली ठेवला. म्हटलं, "हा सण दोघांचा हाय. बहीण जेवल्याशिवाय भावानं घास घ्यायचा न्हाय."

एका पोरानं तोंडातला घास तसाच धरला. मग बहिणीची ताटली त्यानंच उलटी केली आणि म्हणाला, "खा की लवकर, मला भूक लागल्या!"

दुसऱ्या दिवशी सुट्टी, तिसऱ्या दिवशी त्याची आजी वर्गाच्या दारात. "काय ओ बाई, नातवाला उपाशी ठेवलासा व्हय?"

"नात उपाशी होती, तवा आला न्हाईसा."

"पोरीची जात. तिला काय हुतंय?"

मला काय झालं ते मी तिला सांगत बसले नाही. हेडमास्तरांकडं तक्रार गेली, मला समज मिळाली. पुढच्या वर्षी मी तेच शिकवलं, त्याच्या पुढच्या वर्षीही.

माझ्या भावानं माझ्यासाठी कधी घास सोडला नाही, आता मला त्याची गरजही नाही. आमच्या घरातली पहिली पदवी माझी. आणि नागपंचमीच्या आदल्या दिवशी माझ्या वर्गातल्या मुली जेवतात.