लाइन गेल्यावर चालणारा पंप

बेसमेंटमध्ये दुकान असलं की दोन गोष्टी आपोआप साचतात: पाणी आणि किस्से. पाण्यासाठी पंप मिळतो. किश्शांसाठी तुमच्यासारखं कोणी भेटावं लागतं!

गोंदियाच्या बाजारात आमची तीन दुकानं जमिनीखाली. माझं झेरॉक्सचं, गुप्ताजींचं बांगड्यांचं आणि राहांगडाले काकांचं शिलाईचं. काका एका शाळेचे युनिफॉर्म शिवायचे. आमच्याकडे शाळा उघडतात जूनच्या शेवटी आणि पाऊसही नेमका तेव्हाच जोर धरतो. पाणी जमायला काकांच्या दुकानापुढेच एक खड्डा केलेला, त्यात पंप. म्हणजे सगळ्या शाळेची अब्रू काकांच्या टेबलावर आणि पाणी टेबलापाशी!

*

आमच्याकडे वीज जात नाही, 'लाइन' जाते. पाऊस आला की हमखास जाते. पहिल्याच पावसात पंप बंद पडला, तेव्हा काका थेट पंपवाल्याकडे गेले.

"पाणी आला का लाइन जाते. मंग हा पंप चालंल कवा?"

पंपवाला म्हणाला, "काका, सबमर्सिबल है. पानी में डूबा रहे, तो भी कुछ नहीं होता."

"तेच तं सांगून राहिलो! डुबला हाय, आन् काईच होत नाई!"

*

मग गुप्ताजींनी कामठ्याहून मेहुण्याच्या शेतावरचं डिझेल इंजिन आणलं. चौघांनी धरून पायऱ्यांवरून खाली उतरवलं, हँडल मारलं. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं आणि धूर छतापर्यंत भरला. एक बाई हातात अर्ध्याच बांगड्या चढवून वर पळाली. आम्ही सगळे रस्त्यावर खोकत बसलो. इंजिन आत इमानदारीत चालू होतं, पण बंद करायला जाणार कोण?

गुप्ताजी डोळे पुसत म्हणाले, "देखा? पूरा बेसमेंट खाली कर दिया!"

*

शेवटी इन्व्हर्टर घ्यायचं ठरलं. दुकानदारानं विचारलं, "बॅकअप किती वेळाचा पाहिजे?"

काका म्हणाले, "शाळा उघडेपर्यंतचा."

बॅटरी आली. गुप्ताजींनी तिला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि कोपऱ्यात जमिनीवर ठेवली. "बैटरी ठंडी रहनी चाहिए," असं त्यांचं म्हणणं.

पुढच्या पावसात सगळ्यांच्या आधी तीच बुडाली!

काका तिच्याकडे बघत म्हणाले, "आता ह्या बॅकअपले बॅकअप पाहा."

*

नवी बॅटरी भिंतीवर उंच फळीवर बसवली. उन्हाळाभर सगळं ठीक होतं. मात्र गुप्ताजींनी हळूच आपल्या शोकेसचे दिवे तिला जोडून घेतले.

काकांनी पकडलंच. "काऊन जी, हे बॅटरी पंपाची हाय का बांगड्याईची?"

"चूड़ी अंधेरे में बिकती है क्या?" गुप्ताजी म्हणाले आणि दिवे तसेच राहिले.

*

उन्हाळा सरला आणि जूनमध्ये, शाळा दोन दिवसांवर आली असताना, भर दुपारी आभाळ फुटलं. लाइन गेली. पंप घरघरला, आम्ही टाळ्या वाजवल्या आणि पंप थांबला. बॅटरी शोकेसनं पिऊन टाकली होती.

पाणी चढायला लागलं. काका अंधारात कपडे वरच्या फळीवर हलवायला लागले. मरून रंगाच्या स्कर्टांचा गठ्ठा आणि अर्धे पांढरे शर्ट हातातून निसटले ते थेट खड्ड्यात! आम्ही शर्ट बाहेर काढले, तर सगळे गुलाबी. नव्या मरून कापडानं खड्डाभर रंग सोडला होता. काका मटकन खाली बसले. अर्धी शाळा पांढरी, अर्धी गुलाबी, आणि नवं कापड आणायला वेळ नाही. मला तर त्यांच्याकडे बघवेना.

तेवढ्यात लाइन आली. पंप सुरू झाला आणि खड्ड्यातलं पाणी भराभर उतरायला लागलं. गुप्ताजी ओरडले, "चालू हो गया! काका, चालू हो गया!"

काका एकदम उठले. एका हातात गुलाबी शर्ट, दुसऱ्या हातात पांढरा.

"बंद करा तो पंप! रंग चालला माहा!"

मी पळत जाऊन बटण बंद केलं. काकांनी उरलेले पांढरे शर्ट एकेक करून खड्ड्यात बुडवले. मग वर नळावर सगळे साबणानं धुऊन काढले. रंग काही गेला नाही.

शाळा उघडली ती गुलाबी शर्टांत. दुसऱ्या दिवशी हेडमास्तर स्वतः पायऱ्या उतरून खाली आले. गुप्ताजी काउंटरमागे वाकून काहीतरी शोधायला लागले. हेडमास्तरांनी टेबलावर उरलेला एक शर्ट उचलला, कापड बोटांनी चाचपलं, दाराच्या उजेडात धरलं.

"राहांगडालेजी, पालकांना फार आवडला. पुढच्या वर्षी अगदी हाच रंग मिळेल ना?"

काकांनी एकदा पंपाकडे पाहिलं, एकदा बल्बकडे.

"लाइन गेली, तं मिळंल."